मुंबईच्या गोदीतले खैर

धाडच्या श्रोत्यांपुढे समुद्रावर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. पण ज्या झाडाचा कात आपण विड्यात घालतो, त्या खैरापासूनच ही हकीकत सुरू होते.

मुंबईस प्रिन्सेस डॉक ही गोदी खणली जात असता, १८७८ च्या सुमारास, चिखलाखाली झाडांची खोडे लागू लागली. मोजदाद झाली तेव्हा ती ३८२ भरली. त्यांपैकी २२३ उभी होती, मुळे जुन्या मातीत रोवलेली. भरतीच्या रेषेखाली तीस फूट, म्हणजे ओहोटीतही उघडी न पडणारी ही जागा. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. तेव्हा हे रान कोरड्या जमिनीवर वाढले आणि मागून बुडाले, हे उघड होते. जमीन खचली, असा निष्कर्ष त्या काळच्या भूशास्त्रज्ञांनी काढला.

पण तो घाईचा होता, असे मला वाटते. आपल्याकडे काळ्या जमिनीवरच्या घराच्या भिंती पावसाळ्यात उचलतात, उन्हाळ्यात तडकतात. अशा भिंतीवर रेघ मारून अंगणातले पाणी किती चढले हे मोजले, तर पाणी हलले की भिंत, हे कळेल काय? बुडालेले खोड ही तशीच रेघ आहे. ते समुद्र आणि जमीन यांतला फरक तेवढा सांगते.

आणि समुद्रही हललेला आहेच. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, पाणी बर्फ होऊन जमिनीवर साठले होते. तेव्हा समुद्र आजच्याहून जवळजवळ चारशे फूट खाली होता. बर्फ वितळले तसा तो चढला, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी त्याचा वेग मंदावला. खैराचे रान एवढ्यानेच बुडू शकते. जमीन खचायलाच हवी असे नाही.

आता गंमत पाहा. मुंबईच्याच पश्चिम अंगाला, माहीमकडे, वाळू व शिंपले घट्ट जमून झालेला दगड भरतीच्या रेषेहून वर सापडतो. पूर्वेला रान खाली, पश्चिमेला शिंपले वर! बेट एका बाजूला कलले म्हणावे, तर आधी दोहोंचे वय पाहिले पाहिजे. लाकडातील व शिंपल्यातील किरणोत्सारी कार्बनावरून ते काढता येते. रान जुने आणि शिंपले नंतरचे असतील, तर समुद्रच आधी चढला आणि मग थोडा उतरला, एवढ्याने दोन्ही गोष्टी उलगडतात. दोन्ही एकाच काळच्या निघाल्या, तर मात्र जमिनीकडे बोट दाखवावे लागेल. कारण इतक्या जवळच्या दोन किनाऱ्यांवर समुद्राची पातळी निरनिराळी असणे शक्य नाही. त्यातही पारख लागते: शिंपला तेथेच जगला की लाटेने वर फेकला? झाड मुरमावर होते की दबत जाणाऱ्या गाळावर?

योगायोग असा की, अपोलो बंदरावरील भरतीमापकाची उपलब्ध नोंदही १८७८ पासूनची आहे. विसाव्या शतकात तेथे पाणी सरासरीने वर्षाला एक मिलिमीटरहूनही थोडे कमी चढलेले दिसते. उपग्रहांनी १९९३ पासून जगभरच्या समुद्राची जी मापे घेतली, त्यांत ही चढण वर्षाला तीन मिलिमीटरांहून अधिक आहे. मुंबईत भराव घालून केलेली जमीन पुष्कळ; तिथल्या माणसाला या दोन आकड्यांइतकीच आपल्या पायाखालच्या जमिनीची हालचालही मोजून हवी. कारण भरतीमापकही अखेर त्याच जमिनीवर उभा आहे.