गाडी काळा धूर मारते? इंजिन खोलायच्या आधी हे बघा

जवळा बाजार (ता. औंढा नागनाथ) : एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींना इंजेक्शन बसलं. तरी खेड्यापाड्यांत कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या अजून धावतात. अशी गाडी काळा धूर मारत असेल, अ‍ॅव्हरेज घटलं असेल, तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय.

आधी प्लग खोला. टोकावर कोरडी काजळी असेल तर दोष पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा. टोक तेलकट आणि धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. ते काम इंजिनचं.

काजळी निघाली तर बिनखर्चाचं आधी तपासा. चोक पूर्ण बंद होतो का? शेतरस्त्याच्या धुळीने एअर फिल्टर तुंबलाय का? फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन वाळवा, थोडं ऑइल लावून बसवा. कागदी फिल्टर धुऊ नका, बदला.

तरीही फरक नसेल आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असेल, तर फ्लोटची सुई कचऱ्याने अडकली किंवा झिजली असेल. हे अंगावर काढू नका. पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरलं तर ऑइल पातळ होऊन इंजिन खराब होतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका. सुई दुरुस्त करून ऑइल बदला. गाडी उभी केली की पेट्रोलचा कॉक बंद करा.