अव्वांच्या खोलीतला गारवा

बेळगावात एसी कशाला हवा, असे आमचे मुंबईचे नातेवाईक अजूनही विचारतात. त्यांचेही चुकत नाही. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरचे हे गाव ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणून ओळखले जायचे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा घरात दोनच पंखे होते, आणि मे महिन्यात वळीव कोसळला की रात्री अंगावर चादर ओढावी लागे. आता एप्रिलातच पारा ३८ च्या आसपास जातो आणि आमच्या माडीवरची पश्चिमेची खोली दुपारी तीनला तव्यासारखी तापते.

ती खोली अव्वांची. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर विजापूरकडचे, कन्नड, सासर मराठी. पन्नासहून अधिक वर्षे मराठीत संसार केला, पण काही दुखले-खुपले की तोंडून कन्नडच येते. आपल्यापैकी अनेक घरांत असेच असेल. “आमच्याकडं चाळीस डिग्रीत लग्नं लागायची गं,” असे म्हणून त्या आमच्या उकाड्याच्या तक्रारींना हसायच्या.

खिडकीतला दीड टनाचा एसी २०१० साली आला तो मामंजींसाठी. त्यांचा तो शेवटचा आजार. अंगावर पांघरूण नको, घाम सोसवेना, म्हणून यांनी कर्ज काढून यंत्र बसवले. मामंजींना कमी दिसायचे. त्यांनी रिमोटच्या पाठीवर औषधाच्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोठ्या अक्षरात ‘२६’ लिहिले होते, नातवंडांनी विनाकारण आकडा खाली आणू नये म्हणून. पुढच्याच वर्षी ते गेले. एसी राहिला.

नंतरची किती वर्षे तो घरघरत होता! सुरू होताना खिडकीची चौकट थरथरायची, खाली बादली ठेवावी लागायची. शेवटची तीन वर्षे तर दर उन्हाळ्यात ‘गॅस संपला’ म्हणून भरून घ्यायचा आणि जूनपर्यंत कसेबसे ढकलायचे, असा रिवाजच पडला. बदलायचा विषय निघाला की अव्वा म्हणत, “चालतंय तोवर चालू दे. ह्यांनी वापरलेलं आहे.” यावर काय बोलणार? शिवाय खरे सांगायचे तर पैशांचाही प्रश्न होता, त्यामुळे त्यांचा नकार आम्हाला सोयीचाच होता. हे लिहिताना आज लाज वाटते.

गेल्या एप्रिलातली गोष्ट. दुपारी चहा घेऊन वर गेले, तर एसी नुसताच वारा फेकत होता, तोही गरम. अव्वा पलंगावर डोळे अर्धवट मिटून पडल्या होत्या. कपाळ तापलेले, जीभ कोरडी, पण अंगावर घामाचा थेंब नाही. मी हाक मारली तर मला त्यांनी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने ओ दिली. “भाळ सेकी ऐति,” एवढेच पुटपुटल्या. फार उकडतंय. विजापूरच्या उन्हात वाढलेली ही बाई!

ओल्या टॉवेलने अंग पुसत, पंखा लावून त्यांना खाली आणले आणि लगेच दवाखान्यात नेले. सलाईन लागले. डॉक्टर म्हणाले, वय झाले की तहान लवकर कळत नाही, घामही कमी येतो. त्यातून रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू आहे. “खोली थंड ठेवा, ही चैन समजू नका.” दोन दिवसांनी अव्वा घरी आल्या आणि आम्ही त्यांना खालच्या हॉलमध्ये झोपवले.

या वेळी शेजाऱ्यांनी नवा मेकॅनिक सुचवला. आयटीआय झालेला, तिशीच्या आतला मुलगा. त्याने जाळी काढली, साबणाचा फेस लावला आणि मला बोलावून बुडबुडे दाखवले. “ताई, गॅस कधी संपत नसतो. पेट्रोलसारखा जळत नाही तो. कमी झाला म्हणजे गळती आहे. कॉईलच कुजलंय.” म्हणजे तीन वर्षे आम्ही पैसे हवेत सोडत होतो, आणि भरून देणाऱ्याने हे एकदाही सांगितले नव्हते. त्यातला आर-२२ हा गॅस ओझोनच्या थराला घातक, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आलेला, हेही त्यानेच सांगितले. चौथ्यांदा गॅस भरून तो सहज पैसे घेऊन गेला असता. घेतले नाहीत.

मी पुन्हा दीड टनाचाच घेऊ म्हटले, तर तो खोली मोजून म्हणाला, दहा बाय अकराला एक टन पुरे. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे, हे मला तेव्हा कळले. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी खोलीतून बाहेर काढायची ताकद.

पैसे माझ्या पिग्मीचे. रोजचे पन्नास रुपये, दोन वर्षे. संध्याकाळी दारात येणारा पिग्मीवाला आपल्या भागात कुणाला ठाऊक नाही! स्वयंपाकघराचा ओटा नवीन करायचा म्हणून साठवले होते. ओटा जुनाच आहे, पोळ्या त्यावरही होतात.

नवे यंत्र बसवताना त्याने नळ्या जोडल्या आणि गॅस सोडण्याआधी पंप लावून आतली हवा ओढत बसला. वीस मिनिटे झाली तशी मी घाई करू लागले. “आत ओलावा राहिला तर हाही लवकर जाईल, ताई,” म्हणून तो काही उठला नाही. जुने धूड चौघांनी खाली उतरवले तेव्हा खिडकीत केवढे तरी भोक उरले. त्यावर सुताराकडून फळी ठोकून घेतली.

अव्वांना वर आणले. आवाजच येईना, म्हणून त्यांनी दोनदा विचारले, “चालू आहे ना?” मग हात वर करून गार झोत बोटांवर घेतला. नवा रिमोट २४ वर उघडतो, २०२० पासून तसा नियमच आहे. अव्वांनी तो हातात घेतला आणि बटण दाबत दाबत २६ वर आणला. यांनी तोंड दुसरीकडे फिरवले.

मेकॅनिक हत्यारे पिशवीत भरत होता. अव्वांनी त्याला जवळ बोलावले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “निन्न होट्टी तण्णगिरली.” तुझे पोट थंड राहो, म्हणजे तुझी लेकरेबाळे सुखात राहोत. कन्नड घरांत जेवू घालणाऱ्याला, जीव वाचवणाऱ्याला हाच आशीर्वाद देतात. पोराने वाकून नमस्कार केला. “अज्जी, सर्व्हिसला येतो दिवाळीनंतर,” म्हणाला, आणि बसवण्याच्या ठरलेल्या पैशांवर दिलेले शंभर रुपये परत करून गेला.

मी त्याला तेव्हा धड ‘आभारी आहे’ही म्हटले नाही. चहाचा कप उचलायच्या गडबडीत राहूनच गेले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. गारांसकट. अव्वांनी एसी बंद करायला लावला, उरलेली एक खिडकी सताड उघडायला लावली आणि तिथे खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर जुना रिमोट होता. भंगारवाल्याला द्यायच्या वेळी त्यांनी तो कधी काढून घेतला होता, आम्हाला कळलेही नव्हते.