लाखाचा स्वल्पविराम आणि 'सी' भाषा

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या चाकरमानी मध्यमवर्गाने पोटाला चिमटा घेऊन साठविलेली आपली शिल्लक ज्या सहकारी संस्थांच्या हवाली केली, त्यांपैकी डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० साली, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ साली आणि कल्याण जनता सहकारी बँक १९७३ साली स्थापन झाली. आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' नावाची संगणकभाषा सिद्ध केली, तीही याच तीन-चार वर्षांत. या घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु पुढे जमाखर्चाची दफ्तरे संगणकावर चढली आणि खातेदाराच्या हाती पडणारा आकडा कारकुनाच्या लेखणीऐवजी यंत्र उमटवू लागले, तेव्हा तो आकडा कोणत्या रीतीने लिहावा, हा प्रश्न या दोन दूरच्या जगांमध्ये येऊन उभा राहिला; आणि त्याचे उत्तर या भाषेत आहे, पण मागितल्याखेरीज ती ते देत नाही.

यंत्राच्या स्मृतीत संख्या असते. तिला स्वल्पविराम नसतो, रुपयाचे चिन्ह नसते, लिपीही नसते. ही संख्या कागदावर उतरविण्याचे काम 'सी'मध्ये 'प्रिंटएफ' या फलनाकडे असते, आणि नवशिक्या विद्यार्थ्याने त्याला साधी आज्ञा केली, तर ते १२३४५६७८ असे आठ अंक सलग लिहून मोकळे होते. ठेवपावतीवर असा आकडा पाहणारा मनुष्य उजवीकडून बोट ठेवीत 'एकं, दहं, शतं' मोजू लागतो. १,२३,४५,६७८ असे लिहिले की एक कोटी तेवीस लाख ही गोष्ट क्षणात नजरेत भरते, आणि १२,३४५,६७८ असे पाश्चात्त्य रीतीने लिहिले, तर लाख-कोटीत विचार करणारा वाचक पुन्हा अडखळतो. स्वल्पविराम हा येथे अलंकार नव्हे. रक्कम केवढी आहे, हे सांगण्याचे निम्मे काम तोच करतो.

१९८९ साली 'सी'चे अमेरिकी प्रमाणीकरण झाले, तेव्हा ही अडचण मानककर्त्यांच्या ध्यानात होती. त्यांनी 'लोकेल' नावाची व्यवस्था केली: देशोदेशींचे लेखनसंकेत कोष्टकरूपाने प्रणालीत ठेवावेत आणि प्रोग्रॅमने त्यांतील हवे ते पत्करावे. मात्र प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना 'सी' याच नावाच्या निर्विकार लोकेलमध्ये असतो, जेथे दशांशचिन्ह बिंदू आहे आणि गटविभाजन मुळीच नाही. 'सेटलोकेल' या फलनाला रिक्त अवतरणचिन्हे देऊन हाक मारली, म्हणजेच 'या संगणकाच्या मालकाने जी रीत निवडली आहे ती घे' असे सांगितले, तरच ते कोष्टक अमलात येते. आणि 'लोकेलकॉन्व्ह' हे दुसरे फलन त्यातील तपशील आपल्यापुढे ठेवते. त्या तपशिलात 'ग्रुपिंग' नावाचे एक कलम आहे. भारतीय रीतीसाठी त्यात फक्त दोन संख्या लागतात: तीन आणि दोन. उजवीकडचा पहिला गट तीन अंकांचा, पुढचा दोनांचा, आणि शेवटचे माप अखेरपर्यंत पुन्हापुन्हा लावावयाचे. हजार, लाख, कोटी, अब्ज ही आपली सारी परंपरा त्या दोन बाइटांत सामावली, याचे मला आजही कौतुक वाटते. साध्या संख्येचे विभाजन व रकमेचे विभाजन यांची कलमे निरनिराळी आहेत, आणि एक बरोबर असले म्हणून दुसरेही असेलच असे नाही. म्हणून दोन्ही तपासून घेणे बरे.

पण मानक 'सी' कोष्टक दाखविते, त्याबरहुकूम गट पाडून मात्र छापून देत नाही. पॉझिक्स मानकाने त्यासाठी 'प्रिंटएफ'च्या आज्ञेत एक ऊर्ध्वविराम आणि रकमेसाठी 'स्ट्रएफमॉन' हे स्वतंत्र फलन दिले. लिनक्सवर हे दोन्ही चालतात, मायक्रोसॉफ्टच्या 'सी'त नाहीत. त्यामुळे दोन्हीकडे चालणारे काम हवे असेल, तर गट पाडणारे फलन स्वहस्ते लिहावे लागते.

याच कोष्टकात अपूर्णांकाचे किती अंक दाखवावेत, याचेही कलम आहे, आणि ते पाहिले की १ एप्रिल १९५७ या तारखेची आठवण होते. त्या दिवशी सोळा आण्यांचा आणि एकशे ब्याण्णव पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. रुपये-आणे-पै हा हिशेब या कलमात बसविणे अशक्यच होते, कारण दशांश बिंदूनंतरचे अंक एवढीच कल्पना त्याला ठाऊक आहे. पाव, अर्धा, पाऊण यांच्या ज्या उभ्या रेघा जुन्या कीर्द-खतावण्यांत दिसतात, त्यांना युनिकोडमध्ये २००९ साली जागा मिळाली. अभिलेखांच्या अभ्यासकांच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली.

रुपयाचे नवे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने स्वीकारले. त्याचे कर्ते डी. उदयकुमार हे पवईच्या आयआयटीचे संशोधक विद्यार्थी होते. त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आले. परंतु सध्या सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-आठ या संकेतात ते तीन बाइट व्यापते, आणि देवनागरीचा प्रत्येक अंकही तीनच. १,२३,४५६ ही रक्कम डोळ्यांना आठ चिन्हांची दिसते, 'सी'ला मात्र वीस बाइटांची. आणि 'प्रिंटएफ' रकान्याची रुंदी बाइटांतच मोजत असल्यामुळे, बारा घरांच्या रकान्यात तिच्या डावीकडे एकही रिकामी जागा सुटत नाही आणि गृहनिर्माण संस्थेच्या मासिक देयकावरील रकमांची रांग विस्कटते.

याहून भयावह गोष्ट उलट दिशेने घडते. इंग्रजी अंकांतला, पण स्वल्पविरामांनी नटविलेला आकडा 'स्ट्रटोडी' या वाचक-फलनाला दिला, तर ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि सव्वा लाखाची रक्कम निमूटपणे एक रुपया म्हणून परत करते; किती मजकूर वाचला, हे प्रोग्रॅमने स्वतः पाहिले नाही, तर कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून दफ्तरात व यंत्रायंत्रांतील देवघेवीत आकडा निर्विकार ठेवावा आणि मनुष्याच्या नजरेसमोर जाताना, अगदी अखेरच्या क्षणी, त्याला आपल्या रीतीचा वेश द्यावा. रक्कम पैशांत, पूर्णांकाच्या रूपात ठेवावी, कारण दशांशाचे बहुतेक अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत. आणि तो पूर्णांक चौसष्ट बिटांचा असावा. बत्तीस बिटांत पैशांचा हिशेब सुमारे दोन कोटी चौदा लाख रुपयांपाशी संपतो, आणि ठाणे महानगरपालिकेचा अर्थसंकल्प हजारो कोटींचा असतो.

राहिला प्रश्न देवनागरी अंकांचा. संघराज्याच्या कारभारासाठी घटनेच्या ३४३व्या अनुच्छेदाने भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप पत्करले, पण मराठी वाचकाच्या सातबारावर व दिनदर्शिकेवर देवनागरी अंक नांदतात, आणि युनिकोड संस्थेच्या लोकेल-संग्रहातही मराठीचे स्वाभाविक अंक देवनागरीच नोंदलेले आहेत. मानक 'सी' त्यांच्याविषयी मौन बाळगते. शून्य ते नऊ यांचे संकेतांक क्रमाने लागून असल्यामुळे रूपांतर मात्र चार ओळींचे काम आहे, आणि ज्या देयकावर सारा मजकूर मराठी आहे, त्यावर आकडेही मराठीत असावेत, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वृद्ध खातेदाराच्या पैशाचा तो हिशेब, त्याला तो चाचपडत वाचावा लागू नये.

आपल्याकडील पदविकेच्या आणि पदवीच्या वर्गांत वर्षानुवर्षे 'सी' शिकविली जाते, मूळसंख्या आणि फिबोनाची श्रेणी यांची उदाहरणे घोटून घेतली जातात; त्यांच्या जोडीला रक्कम भारतीय रीतीने लिहिणारे फलन हे एक उदाहरण सक्तीचे करावे. त्याची परीक्षा शून्य, ९९९, १,०००, ९९,९९९ आणि १,००,००० या उंबरठ्यावरच्या रकमांवर घ्यावी, मग ऋण रकमांवर, आणि शेवटी चौसष्ट बिटांत मावणाऱ्या सर्वांत लहान ऋण संख्येवर, जिचे चिन्ह नुसते उलटविल्यास उत्तर त्या चौसष्ट बिटांत मावत नाही.