हृदयात स्टेंट बसवल्यावर शेतात केव्हा जावे?



अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाची दोन तऱ्हांनी आबाळ होते. एका घरात त्याला महिना महिना खाटेवरून उठू देत नाहीत. दुसऱ्या घरात, छातीवर टाका नाही, मनगटावर टाचणीएवढी खूण, मग आजार कसला, असे म्हणून तो आठवड्यात औत धरतो. दुसरी तऱ्हा अधिक धोक्याची.

हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चरबीच्या थराने अरुंद होते. तिथे बारीक फुगा फुगवून वाट मोकळी करण्याची युक्ती डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिकमध्ये प्रथम केली. वाट पुन्हा मिटू नये म्हणून धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवायला १९८६ साली सुरुवात झाली. ही नळी एका जागेपुरती वाट मोकळी करते. बाकीच्या धमन्यांतला थर, रक्तदाब, साखर आणि तंबाखू होते तिथेच असतात.

शिवाय धातू शरीराला परका. त्यावर रक्त गोठू पाहते. शरीर त्यावर आपले अस्तर चढवते, पण त्याला काही महिने लागतात. तोवर दोन गोळ्यांची राखण हवी: ॲस्पिरिन, आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर. झटका येऊन गेलेल्याला ही जोडी बहुधा वर्षभर घ्यावी लागते आणि त्यापुढे एक गोळी चालूच राहते. बरे वाटते म्हणून, पाकीट संपले म्हणून किंवा दात काढायचा आहे म्हणून त्या आपल्या मनाने बंद केल्या, तर नळी एकाएकी बुजून जीवावर बेतते. दात काढण्याआधी दंतवैद्याला गोळ्यांची नावे दाखवा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. पैशाची अडचण असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. जनऔषधी केंद्रात यांतली बरीच औषधे स्वस्त मिळतात. कंबर दुखली म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणून खाऊ नये. या गोळ्यांबरोबर त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचास डांबरासारखे काळे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता चालण्याचे. गुंतागुंत नसेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल, तर पहिल्या आठवड्यात सपाट वाटेवर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे चालावे. मग दर दोन-चार दिवसांनी थोडे वाढवत अर्ध्या तासापर्यंत जावे. चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला. जेवण झाल्यावर तासभर थांबावे आणि भर उन्हात निघू नये. पुढे बांधावरची फेरी आणि हलकी खुरपणी चालेल. मात्र रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने उकिडवे बसलेले असताना झटकन उठू नये, घेरी येते. फवारणीचा सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो आणि युरियाचे पोते ४५ किलोचे असते. ते उचलताना माणूस श्वास कोंडतो आणि रक्तदाब चढतो. ही कामे डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच करावीत. रात्री वीज येते म्हणून उसाला पाणी पाजायला एकट्याने जाणे तर काही महिने मुलांवरच सोडावे. बापाला ते रुचत नाही, हे मला ठाऊक आहे.

उपवासकाळात काहीजण गोळ्याही उपाशीपोटीच्या नावाखाली चुकवतात. ख्रिस्तसभेचा उपवासाचा नियम आजाऱ्याला बांधत नाही. राखेच्या बुधवारीही त्याने वेळेवर खावे आणि गोळी घ्यावी.

काम करताना छातीत दाब आला, तो हातात किंवा जबड्यात उतरला, घाम फुटला, तर काम तिथेच टाकून बसावे. जिभेखालची गोळी दिली असेल तर बसूनच घ्यावी. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ ला फोन करावा. मोटारसायकलवर मागे बसून तालुक्याला निघू नये. दवाखान्यातून मिळालेले स्टेंटचे कार्ड आणि गोळ्यांची यादी घरात सर्वांना ठाऊक असलेल्या एकाच डब्यात ठेवावी आणि रुग्णवाहिकेत बसताना डबा सोबत द्यावा.