भित्यापाठीं ब्रह्मराक्षस

विजापूरच्या वाटेवरील आमच्या मंद्रूपास शहर म्हणजे सोलापूर. तेथील चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जातांना आपण हात जोडतों. परंतु ज्या सत्तेनें त्यांस फांसावर चढविलें ती त्या वेळीं किती भ्यालेली होती, हें सहसा ध्यानांत येत नाहीं.

१९३० च्या मे महिन्यांत महात्माजींना अटक झाली. ता. ८ रोजीं सोलापुरांत पोलिसांच्या गोळीबारांत माणसें पडलीं. खवळलेल्या जमावानें पोलीस मारले व कोर्टाची इमारत जाळली. या कृत्याचें समर्थन कोणीहि करणार नाहीं. परंतु पुढें पोलीस शहरांतून निघून गेले असतां काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीं बंदोबस्त सांभाळला. शहर शांत झालें. सरकारचें मन मात्र शांत झालें नाहीं. ता. १२ मेपासून जूनअखेरपर्यंत लष्करी कायदा चालला. गांधी टोपी घालणें व तिरंगी झेंडा मिरविणें हा अपराध ठरला. ज्या साम्राज्यापाशीं तोफा होत्या, तें हातभर खादीला भ्यालें! पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांस ता. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आली.

परकी सत्ताच अशी वागते, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. लढून स्वतंत्र झालेल्या अमेरिकेनें १७९१ सालींच आपल्या घटनेंत क्रूर शिक्षांस बंदी घातली. यादवी युद्ध ऐन भरांत असतां, १८६३ सालीं, लिंकनच्या सरकारनें सैन्यासाठीं जे नियम काढले, त्यांत कबुलीसाठीं छळ करण्याची स्पष्ट मनाई होती. असें असूनहि १८९९ नंतर फिलिपाइन्सच्या युद्धांत अमेरिकन शिपाई कैद्यांच्या पोटांत बळेंच पाणी ओतून त्यांस बोलतें करीत. याबद्दल एका कॅप्टनवर १९०२ सालीं खटला झाला. शिक्षा काय, तर एक महिना निलंबन आणि ५० डॉलर दंड! १९४२ सालीं जपानच्या धास्तीनें सुमारें १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांस छावण्यांत कोंडण्यांत आलें. त्यांतील बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. या अन्यायाची सरकारी क्षमायाचना १९८८ सालीं झाली. पुढें ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर पाण्याचा छळ पुन्हां सुरू झाला. एका कैद्यावर तर १८३ वेळां तो प्रयोग झाला. आणि निष्पन्न काय झालें? असल्या छळानें उपयुक्त माहिती मिळाली नाहीं, असा निष्कर्ष तेथील सिनेटच्या समितीनें २०१४ सालीं प्रसिद्ध केला.

यांत नवल तें काय? घरोघरच्या वडील मंडळींस हें ठाऊकच आहे. मारानें मूल खरें बोलत नाहीं. ज्यायोगें मार थांबेल तें बोलतें.

भित्यापाठीं ब्रह्मराक्षस लागतो, असें आपण म्हणतों. इतिहास सांगतो कीं, भ्यालेल्याच्या हातीं सत्ता असली म्हणजे तो स्वतःच ब्रह्मराक्षस होतो. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपल्या देशानें १९९७ सालीं सही केली, परंतु त्यास कायम मान्यता अद्याप दिलेली नाहीं. हुतात्म्यांस हात जोडतांना एवढें तरी आठवावें.