ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडणी

गळिताचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगलीकडील रस्त्यांवर एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून उसाची वाहतूक होऊ लागते. इंजिन, टायर व डिझेल यांची काळजी सारेच घेतात. परंतु ज्या एका पिनेवर हा सर्व भार ओढला जातो, तिची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

दोन ट्रॉल्या असल्यास पहिल्या पिनेवर दोहोंची ओढ पडते. मागे १० टन भार असून दहा मीटरांत एक मीटर चढ असेल, तर केवळ त्या चढापायी सुमारे १ टनाची ओढ पिनेवर येते. खड्ड्यात हिसका बसला म्हणजे ती क्षणभर पुष्कळच वाढते. पिनेचे बळ तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३० मिलिमीटरची पिन झिजून २५ मिलिमीटर झाली, तर डोळ्यांस फरक थोडा दिसतो. बळ मात्र सुमारे ३० टक्क्यांनी घटलेले असते. भोकही रुंदावते, त्यामुळे हिसके वाढतात आणि हिसक्यांनी झीज वाढते. ग्रामसेवकांनी हंगामापूर्वी चालक-मालकांस एकत्र बोलावून नव्या पिनेशेजारी जुनी पिन ठेवून दाखवावी. हरवलेल्या पिनेच्या जागी बांधकामाची सळई घालण्याची रीत तर सर्वस्वी त्याज्य होय. पिन वरून घालून तिच्या खालच्या टोकास क्लिप लावावी. जोडीला दांडीखालून फुलीसारख्या दोन मजबूत साखळ्या, वळण घेण्यापुरती ढील ठेवून, बांधाव्यात. पिन निसटली तरी दांडी त्यांवर झेलली जाते व ट्रॉली मोकाट सुटत नाही.

जोडणीची उंची हा याहूनही गंभीर विषय आहे. रुतलेली ट्रॉली काढताना काही जण साखळी मागच्या आसाला किंवा वरच्या लिंकला बांधतात. चाकांना पुढे सरकता येत नाही, इंजिनाचा जोर चालूच राहतो, आणि ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊन सेकंदभरात तो चालकाच्या अंगावर उलटू शकतो. उडी मारण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारवरच घ्यावी.

भार कसा रचावा, हे बैलगाडी हाकणाऱ्यांस निराळे सांगणे नलगे. दोनचाकी ट्रॉलीत मागे भार अधिक झाला की ती उलाळ होते व ट्रॅक्टरची मागील चाके हलकी पडतात. पुढे फार झाला तर पुढची चाके उचलतात. अशा वेळी बोनेटवर माणसे बसविण्याचा प्रकार पाहण्यात येतो, तो थांबलाच पाहिजे. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा, एरवी सुकाणू फिरविले तरी वळण मिळत नाही. पुढे लोखंडी वजने लावावीत किंवा ऊस कमी भरावा.

उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागते. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा, न्यूट्रल कदापि करू नये, आणि रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल एकमेकांस जोडलेले असावेत. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. ट्रॉलीस स्वतःचे ब्रेक नसल्यास ते आणखीच लांबते.

रात्री लोंबणाऱ्या वाढ्यांखाली मागचे दिवे व तांबडे परावर्तक झाकून जातात. ट्रॉली भरून झाल्यावर ती वाढी कापून टाकावीत.