मुधोळचा कुत्रा धावपट्टीवर

एरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन जवळ आलं की बंगळूरच्या येलहंका भागातल्या मटण-मासळीच्या दुकानांना टाळं लागतं. 2023 मध्ये तिथल्या हवाई तळाच्या भोवती 10 किलोमीटरपर्यंत 30 जानेवारी ते 20 फेब्रुवारी मांसविक्री बंद होती. कारण घारी. उघड्यावर टाकलेल्या तुकड्यांवर त्या घिरट्या घालतात, आणि एखादी विमानाच्या इंजिनात शिरली तर वैमानिकाच्या जिवावर बेततं. पक्ष्यांच्या याच त्रासापायी हवाई दलाने 2021 मध्ये मुधोळ जातीची चार पिल्लं घेतली. आग्र्याच्या तळावर धावपट्टीवरचे पक्षी हुसकावायचे, हे त्यांचं काम. सशामागे धावणाऱ्या कुत्र्याला पक्ष्यांच्या कामाला लावायचं, ही कल्पना माझ्या डोक्यातून जाईना.

ही पिल्लं मुधोळजवळच्या तिम्मापूरची. तिथलं श्वान संशोधन व माहिती केंद्र बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात असलं तरी मराठी माणसाला ते घोरपड्यांचं संस्थान म्हणूनच ठाऊक; शहाजीराजांना 1648 मध्ये जिंजीजवळ कैद करणारे बाजी घोरपडे इथलेच. पुढे मालोजीराव घोरपड्यांनी बेरडांकडची ही सडसडीत शिकारी कुत्री पाहिली, त्यांची पैदास हाती घेतली आणि एक जोडी राजा पंचम जॉर्जला भेट दिली. सांगली-सोलापूरकडे यांना कारवान म्हणतात. 2005 मध्ये ती टपालाच्या तिकिटावरही आली.

जवळून पाहिलं तर या कुत्र्यात फालतू असं काही नाही. डोकं लांबट आणि अरुंद, छाती खोल, पोट आत ओढलेलं, कातडी इतकी पातळ की पायांवरच्या शिरा दिसाव्यात. खांद्याशी उंची सत्तरेक सेंटीमीटर. अनोळखी माणसाने हात पुढे केला की मागे सरकतो, भुंकत बसत नाही. पळताना मात्र पाहत राहावं. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. एका झेपेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा ताणलेले आणि एकदा पोटाखाली गोळा झालेले. माग काढायला नाक आहेच, पण भरवसा डोळ्यांवर. दूरवर काही हललं की तो निघालाच.

पक्ष्यांच्या शिकारीसाठी युरोपात ज्या जाती घडल्या त्या नेमक्या उलट्या. गवतात तितराचा वास लागला की पॉइंटर जागच्या जागी थिजतो. मान पुढे, शेपूट ताठ, बहुधा पुढचा एक पाय उचललेला. बंदुका रुळण्याआधी शिकारी अशा कुत्र्याच्या पुढ्यात जाळं टाकून पक्षी धरत. झडप घालणारा कुत्रा सगळा डाव उधळायचा. म्हणून थांबणाऱ्याचीच वेतं वाढवली गेली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने तो गुण इतका मुरला की काठीला दोरीने बांधलेलं पीस पाहून आजही काही आठवड्यांचं पिल्लू थबकतं. आपल्याकडे पॉइंटर आणले ते साहेबांनी. इथले फासेपारधी मात्र घोड्याच्या केसांचे फासे लावत आणि पाळलेल्या तितराच्या हाकेवर रानातला तितर बोलावत. मुधोळला थांबण्याचं शिक्षण कुणी कधी दिलंच नाही.

अडचण इथेच आहे. सशामागे सुटलेला कुत्रा हाकेला फिरला तर शिकार गेली, म्हणून न फिरणारा तोच चांगला मानला गेला. धावपट्टीवर विमान उतरत असताना न फिरणारा कुत्रा पक्ष्यापेक्षा मोठा धोका. अमेरिकेत फोर्ट मायर्सच्या विमानतळाने 1999 मध्ये या कामाला बॉर्डर कॉली आणला. तो मेंढ्या वळणारा, शिट्टीवर जागीच बसणारा, पिढीजात आज्ञाधारक. मुधोळला हे लहानपणापासून, लांब दोरीवर, चिकाटीने शिकवावं लागेल. शिवाय कुत्र्याचा धाक जमिनीवर उतरणाऱ्या टिटव्यांना आणि बगळ्यांना. येलहंकाच्या आकाशातल्या घारीचं तो काही करू शकत नाही. तिच्यासाठी कचराच उचलायला हवा.

मला जास्त काळजी पैदाशीची वाटते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ससा मारणं गुन्हा झाला, आणि ते योग्यच झालं. पण काम संपलं की निवडीची कसोटीही संपते. उरते ती प्रदर्शनातली उंची आणि रंग, किंवा चोरून भरवलेल्या शर्यतींसाठी ग्रेहाउंडशी केलेला संकर. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या जातीचं नाव घेतलं आणि तिचा बोलबाला झाला. बंगळूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर कोंडलेला मुधोळ बिचारा खिडकीतून कबुतरं पाहत बसणार. सैन्यानेही 2016 पासून मेरठला या जातीची चाचणी घेतली. अशा चाचण्यांतून जे कळतं ते पैदाशीच्या वहीपर्यंत पोहोचलं तरच त्यांचा उपयोग. आग्र्याला गेलेली पिल्लं आता वयात आली असणार. त्यांतलं कोण हाकेला परततं, कोण परतत नाही, आणि त्यांचे आईबाप कोणते, याची नोंद तिम्मापूरने उंचीच्या आकड्याशेजारी ठेवावी, आणि पुढची जोडी लावताना आधी ती पाहावी.